भिडस्तांसाठी नकाराची तयारी

"तुम्ही फक्त हो म्हणा, बाकीचं आम्ही बघून घेतो." सोसायटीच्या सेक्रेटरीपदापासून शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यापर्यंत, आपल्या गळ्यात पडलेल्या बहुतेक कामांची सुरुवात या वाक्याने झालेली असते. पुढे काय होतं तेही सगळ्यांना ठाऊक आहे. बाकीचं कुणीही बघत नाही. हॉलचं बुकिंग, वर्गणी न दिलेल्यांना फोन, जेवणाचे आकडे, केटररची उचल, सगळं त्या एका 'हो'च्या मागून घरात येतं. आणि घरचे म्हणतात, कुणी सांगितल्या होत्या लष्कराच्या भाकऱ्या भाजायला?

हा लेख अशा माणसांसाठी आहे ज्यांना समोरच्याचा शब्द मोडवत नाही. फटकळ लोकांनी वाचला नाही तरी चालेल, त्यांचं छान चाललेलं असतं. भीड भिकेची बहीण, असं आपल्या पणज्या सांगून गेल्या, पण भीड सोडायची कशी हे काही कुणी शिकवलं नाही. उलट लहानपणापासून 'नाही कसं म्हणायचं, बरं दिसतं का ते' हेच कानावर पडलं.

नियम तसा सोपा आहे. कुणी काही विचारलं की मनातून आपसूक 'अरे वा, कधी करायचं?' असं उमटलं तर हो म्हणायचं. 'हरकत नाही', 'करता येईल', 'वाईट नाही', 'एवढे म्हणताहेत तर' यांपैकी काही उमटलं तर नाही म्हणायचं. मधला रस्ता नाही, कारण आपला सगळा वेळ त्या मधल्या रस्त्यावरच खर्च होत असतो. नावडतं काम आपण तसंही टाळतो. आवडतं काम मात्र 'हरकत नाही'वाल्या कामांच्या गर्दीत मागे पडतं, आणि शेवटी एक ना धड भाराभर चिंध्या.

पायरी १ : आहे तो पसारा कागदावर मांडा

नकाराचा सराव आज सुरू करायचा म्हटलं तरी आधीचे होकार बोकांडी बसलेलेच असतात. म्हणून आधी ते मोजा. फोनमध्ये नको, कागदावर. आपण कुणाकुणाला कशाकशाचा शब्द दिला आहे ते एकाखाली एक लिहायचं. बारीकसारीकही सोडायचं नाही. भिशीचा हिशेब, सहलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिनपद, मैत्रिणीच्या मुलीचा बायोडेटा 'जरा नजरेखालून' घालणं, सगळं.

प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने. हे काम मला कुणी सांगितलं? हे कधी संपणार? आणि हेच काम आज कुणी नव्याने विचारलं तर मी काय म्हणेन?

शाळेत शिकवणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या एका बाईंचा असा कागद कसा दिसेल बघा. सोसायटीचं खजिनदारपद. वाचनालयाच्या मासिक सभेचं इतिवृत्त. मामेभावाच्या मुलाला रविवारी गणित. माहेरच्या कुलदैवताच्या वार्षिक पूजेचा जमाखर्च. दोन नातेवाइकांचे प्राप्तिकराचे अर्ज, 'तुला कळतं ना त्यातलं' म्हणून. शाळेच्या स्नेहसंमेलनाचं निवेदन, दरवर्षी. शेवटी, पानाच्या तळाशी, पेटीचा क्लास. तिसऱ्या रकान्यात पूजेपुढे आणि पेटीपुढे त्या चटकन 'हो' लिहितील. गणितापुढे पेन थोडं थांबेल, कारण मुलगा गोड आहे. बाकी ठिकाणी काय लिहायचं ते त्यांनाही माहीत आहे. क्लास मात्र दर महिन्याला बुडतो, आणि बुडवणारी कामं नेमकी तीच असतात.

दुसऱ्या रकान्याकडे नीट बघा. ज्या कामाला शेवटची तारीख नाही ते काम जास्त धोक्याचं. एका रविवारचं रक्तदान शिबिर कंटाळवाणं असलं तरी संध्याकाळी संपतं. 'तूच बघतेस ना ते' या सदरातली कामं मात्र संपता संपत नाहीत.

पायरी २ : हा नियम कुठे लावायचा नाही

वडिलांना डायलिसिसला न्यायचं असेल तर मनात 'अरे वा' उमटतंय का हे तपासत बसायचं नसतं. घराचे हप्ते ज्या नोकरीवर चालतात तिथला महिनाअखेरचा अहवालही उत्साहाची वाट बघत नाही. कर्तव्य आणि पोट या दोन्ही गोष्टी या नियमाबाहेर. शेजारी रात्री छातीत दुखतंय म्हणून दार वाजवतो तेव्हाही हा लेख विसरून जा.

उरतं ते तिसरं खातं : हौस, उपकार, मोठेपणा, संबंध, 'चार लोकांत बरं दिसतं'. नियम लावायचा तो इथेच. पण कित्येकदा याच खात्यातली कामं कर्तव्याचा अंगरखा घालून येतात. चुलत सासऱ्यांच्या एकसष्टीला हजर राहणं ही नात्याची गोष्ट आहे. त्या एकसष्टीची स्मरणिका तुम्हीच काढणं ही नव्हे.

आणखी एक अपवाद आहे, आणि असे लेख लिहिणारे तो सहसा सांगत नाहीत. 'आवडेल तेच करीन' ही चैन ज्याच्याकडे कामं चालून येतात त्याला परवडते. बावीस-तेवीस वर्षांचा फोटोग्राफर, नुकतं काम सुरू केलेली अनुवादक, पहिल्यांदाच ढोलकीची साथ करणारा मुलगा यांनी बारशापासून भजनापर्यंत मिळेल त्याला हो म्हणावं. आपल्याला काय आवडतं हेसुद्धा दहा ठिकाणी हात घातल्याशिवाय समजत नाही. कामं अंगावर येऊ लागली, झोप कमी झाली, जुन्या कामाचा दर्जा घसरू लागला, की मग चाळणी बारीक करायची.

पायरी ३ : जागच्या जागी हो म्हणायचं नाही

भिडस्त माणसाचा घात फोनवर होतो, किंवा जिन्यात. समोरचा विचारतो आणि आपल्या तोंडून 'हो हो, बघू की' निघून जातं. 'बघू'चा अर्थ आपल्या मनात 'बहुधा नाही' असतो, समोरच्याच्या वहीत मात्र 'हो' अशी नोंद होते. मग तो निर्धास्त होतो, दुसरं कुणी शोधत नाही, आणि आठवड्याने फोन आला की आपण अडकलेलो असतो. माझं स्पष्ट मत आहे की 'बघू' हा नकारापेक्षा जास्त त्रास देणारा शब्द आहे. दोघांनाही.

त्याऐवजी वेळ मागून घ्या, पण तारीख-वेळ सांगून. "उद्या संध्याकाळी सातपर्यंत मी तुम्हाला कळवते." एवढंच. आणि सातच्या आत कळवायचं. समोरच्याने "अहो, आत्ताच सांगा ना, यादी द्यायचीय" असा घायकुतीला आणणारा सूर लावला तर उत्तर सोपं : "आत्ताच हवं असेल तर मग नाही धरा."

हातात आलेल्या त्या दिवसाचं करायचं काय? स्वतःला विचारायचं की हे काम येत्या शनिवारी असतं तर मी काय म्हटलं असतं? हा प्रश्न गमतीचा नाही. गॅल झाउबरमन आणि जॉन लिंच या संशोधकांनी २००५ साली दाखवून दिलं होतं की पुढच्या काळात आपल्याकडे आजच्यापेक्षा बराच जास्त मोकळा वेळ असेल असं माणसं धरून चालतात. पैशाबाबत हा भ्रम इतका नसतो, वेळेबाबत पक्का असतो. दिवाळी अंकांची गंमत याच्यावरच चालते. संपादकांचा फोन मे-जूनमध्ये येतो. तेव्हा ऑगस्ट म्हणजे कोरं पान वाटतं. 'तीन हजार शब्द? देतो की.' ऑगस्ट उजाडतो तोवर गणपती तोंडावर असतात, मुलांच्या चाचण्या असतात, ऑफिसची सहामाही असते, आणि संपादक दर दोन दिवसांनी 'आठवण म्हणून फोन केला' म्हणतात. या शनिवारी ज्यासाठी तुम्ही वेळ काढला नसता, त्यासाठी ऑगस्टमध्येही काढणार नाही.

पायरी ४ : कामाचं खरं माप काढा

मागणारा माणूस काम नेहमी लहान करून सांगतो. त्यात लबाडी असतेच असं नाही, त्यालाही ते माहीत नसतं. म्हणून हो-नाहीच्या आधी सरळ प्रश्न विचारा. याआधी हे कोण करत होतं, आणि त्याने का सोडलं? किती दिवस चालणार? पैशाची जबाबदारी कुणाची? मला मध्येच सोडायचं झालं तर?

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात बहुतेक सगळं कळतं. आधीचा माणूस वैतागून गेला असेल तर समोरचा उत्तर देताना अडखळतो.

गृहनिर्माण सोसायटीचं उदाहरण घ्या. वार्षिक सभेत कुणीतरी हरभऱ्याच्या झाडावर चढवतो : "जोशीसाहेब बँकेतून रिटायर झालेत, त्यांच्याइतकं लायक कोण आहे?" लोक टाळ्या वाजवतात, कारण प्रत्येकाच्या डोक्यावरचं संकट टळलेलं असतं. जोशीसाहेबांना वाटतं, वर्षभराचा प्रश्न आहे. महाराष्ट्रात व्यवस्थापक समितीची मुदत पाच वर्षांची असते. राजीनामा देता येतो हे खरं, पण तो द्यायला तरी पुन्हा तीच भीड आडवी येते. आणि सेक्रेटरीचं काम म्हणजे सभेच्या नोटिसा आणि इतिवृत्त एवढंच नाही. तिसऱ्या मजल्याची गळती चौथ्या मजल्याची की गच्चीची यावरून रात्री साडेदहाला वाजणारी बेल, लिफ्टचा वार्षिक करार, टँकरवाला, लेखापरीक्षणाची फाइल, भाडेकरूंच्या नोंदी आणि पार्किंग. पार्किंग हे एकच कारण पुरेसं आहे.

हे सगळं ऐकूनही कुणाच्या डोळ्यांत चमक आली तर त्याने जरूर व्हावं. अशी माणसं असतात. नियमांची पुस्तिका तोंडपाठ असलेला, सभेत कुणी उलट बोललं की ज्याला चेव येतो असा सेक्रेटरी मी पाहिला आहे, आणि ती इमारत उत्तम चालली आहे.

पायरी ५ : प्रत्यक्ष नाही म्हणणं

पंगतीत जिलबीचा आग्रह सुरू असतो तेव्हा 'नको, नको हो, अगदी एकच' म्हणणाऱ्याच्या पानात चार पडतात. जो दोन्ही हात पानावर आडवे धरतो आणि हसून 'झालं माझं' म्हणतो, त्याच्या पुढून वाढपी निघून जातो. कुणाला राग येत नाही. नकाराचं तंत्र जवळपास एवढंच आहे : हसरा चेहरा आणि आडवे हात, दोन्ही एकाच वेळी.

शब्दांत मांडायचं तर, विचारल्याबद्दल आनंद, मग स्वच्छ नाही, मग थांबायचं. तिसरा भाग सगळ्यात अवघड, कारण नाही म्हटल्यावर येणारी शांतता आपल्याला सोसत नाही आणि ती भरायला आपण कारणं देत सुटतो. कारण दिलं की फसलात. बघा कसं होतं ते :

"ताई, यंदा स्नेहसंमेलनाचं निवेदन तुम्हीच करायचंय."
"अहो, पण त्या दिवशी माझी दुपारची शिफ्ट आहे."
"कार्यक्रम सहाला ठेवू."
"तिथून यायचं म्हणजे उशीर होईल."
"गाडी पाठवतो ना!"
"तयारीलाही वेळ नाही मिळणार..."
"अहो, तुम्हाला कसली तयारी लागते?"

प्रत्येक अडचण त्यांनी सोडवली. ताईंना आता नाही म्हणायला जागाच उरली नाही. कारण म्हणजे नकार नव्हे, ती वाटाघाटीची सुरुवात असते. हेच असं झालं असतं :

"ताई, यंदा निवेदन तुम्हीच करायचंय."
"आठवण ठेवलीत, छान वाटलं. पण यंदा मी निवेदन करणार नाही."
"का हो? काही अडचण?"
"अडचण काही नाही. यंदा नाही करायचं असं ठरवलंय. प्रेक्षकांत मात्र पहिल्या रांगेत असेन."

'अडचण काही नाही' हे वाक्य घोटून ठेवा. समोरच्याच्या हातात सोडवायला काहीच राहत नाही.

वेगवेगळ्या माणसांना वेगळं बोलावं लागतं, हे उघड आहे. वडीलधाऱ्यांपुढे आवाज मऊ, पण वाक्य पूर्ण : "काका, तुमचा शब्द मोडायला जिवावर येतं, पण हे माझ्याच्याने मनापासून होणार नाही, म्हणून नाही म्हणतोय." काकांना 'मनापासून' हा शब्द कळतो. विमा पॉलिसी घेऊन आलेल्या मावसभावाला : "दादा, नात्यात पैशाचे व्यवहार मी करत नाही. चहा घे." सोसायटीतल्या वहिनींना : "वहिनी, समितीत नको. होळीच्या दिवशी दोन तास मदतीला येईन, हवं तर आजच नाव लिहा." लहानसा, नेमका, शेवट असलेला पर्याय द्यायला हरकत नाही, पण तो मनात असेल तरच. नकाराची भरपाई म्हणून दिलेला पर्याय पुढे मूळ कामापेक्षा मोठा होतो.

मावसभावाला दिलेल्या उत्तरात एक खुबी आहे. 'जमणार नाही' म्हटलं की आज जमत नाही, उद्या जमेल असा अर्थ निघतो. 'मी करत नाही' म्हटलं की तो तुमचा रिवाज होतो. व्हनेसा पॅट्रिक आणि हेन्रिक हॅगट्वेट यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खाण्याच्या मोहापुढे 'मला खाता येत नाही' असं स्वतःला सांगणाऱ्यांपेक्षा 'मी खात नाही' असं सांगणारे जास्त टिकले. ते प्रयोग स्वतःशी बोलण्याबद्दल होते, पण दुसऱ्याशी बोलतानाही याचा उपयोग होतो. चातुर्मासात 'मी कांदा-लसूण खात नाही' म्हणणाऱ्याला कुणी आग्रह करत नाही, तसंच. 'रविवारी मी कामाचे फोन घेत नाही', 'उसने पैसे मी देत नाही', 'रात्री नऊनंतर मी मीटिंगला बसत नाही'. असे दोन-तीन रिवाज ठरवून टाकले की निम्मे नकार आपोआप होतात, आणि ते माणसाला नसतात, कामाला असतात.

आग्रह दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा होणार. आपल्याकडे पहिला नकार शिष्टाचार म्हणून धरला जातो, त्यात समोरच्याचा दोष नाही. अशा वेळी नवं वाक्य शोधायचं नाही. तेच वाक्य, त्याच सुरात, पुन्हा. तिसऱ्यांदाही तेच. आवाज चढला की आपण हरलो.

यानंतर रात्री मनात येतं, 'काय वाटलं असेल त्यांना?' ज्युलियन गिवी आणि कॉलीन कर्क यांच्या २०२३ मधल्या अभ्यासात निमंत्रण नाकारणाऱ्यांना समोरचा जितका दुखावेल असं वाटत होतं, त्यापेक्षा समोरचे कमीच दुखावले होते. नाकारणारा डोक्यात फक्त 'नाही' घोळवत बसतो, निमंत्रण देणारा मात्र त्यामागे काहीतरी विचार असेल हे धरून चालतो. आणि व्यवहारातही बघा, तुम्ही नाही म्हटल्यावर पाचव्या मिनिटाला ते यादीतल्या पुढच्या नावाला फोन लावत असतात.

पायरी ६ : जामीन राहायला नेहमी नाही

याला वेगळी पायरी द्यावी लागते, कारण इथे चूक वेळेची नसते, घरादाराची असते. "नुसती सही हवीय, फॉर्मॅलिटी आहे." ऑफिसातला सहकारी, मेहुणा, शाळासोबती, पतसंस्थेचा फॉर्म पुढे करतो आणि पेनही तोच देतो.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, काहीच मिळालं नाही तर माझ्याकडे या, असं जामीनदाराला म्हणता येत नाही. सहकारी पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळवते तेव्हा त्यात जामीनदाराचंही नाव असतं. शिवाय दुसऱ्याचं ते कर्ज तुमच्या पतअहवालात दिसतं. त्याने हप्ते चुकवले तर उद्या तुमच्या गृहकर्जाला खोडा बसू शकतो.

म्हणून इथे 'अरे वा'ची कसोटीही लावू नका. "मी कुणालाच जामीन राहत नाही, सख्ख्या भावालाही नाही." वाक्य कठोर आहे, आणि तसंच हवं. अगदीच जवळचा माणूस खरोखर अडला असेल, तर परत न आल्यास आपल्याला रडू येणार नाही एवढी रक्कम हातात द्यावी आणि विसरून जावं. सही करू नये.

पायरी ७ : ऑफिसात

साहेबांना 'माझ्या मनात उत्साह नाही' असं सांगून चालत नाही. तिथे नकाराचं रूप बदलतं, निवड त्यांच्यावर सोपवायची. "सर, शुक्रवारपर्यंत ऑडिटचं आणि गोदामाचा साठा जुळवण्याचं काम माझ्याकडे आहे. हे नवीन घेतलं तर त्यातलं कोणतं मागे ठेवू?" मागची कामं तोंडी नाही, लेखी, ईमेलमध्ये मांडायची. बऱ्याचदा साहेबांना आधीची कामं आठवतच नसतात.

बायकांसाठी एक वेगळा इशारा. निरोप समारंभाचं कार्ड, वाढदिवसाचा केक, दिवाळीची रांगोळी, मीटिंगची टिपणं, ही कामं कुणाकडे जातात ते कुठल्याही कचेरीत जाऊन पाहावं. लिंडा बॅबकॉक आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तिघांच्या गटातल्या कुणीतरी एकाने बिनफायद्याचं काम अंगावर घ्यायचं होतं. स्त्री-पुरुष मिश्र गटांत स्त्रिया पुरुषांच्या सुमारे दीडपट वेळा पुढे झाल्या. नुसत्या पुरुषांच्या गटांत मात्र पुरुषांनीही ते काम निमूट केलं. म्हणजे जमत नाही असं कुणाचंच नव्हतं, दुसरी करेल ही खात्री होती. तेव्हा रांगोळी मनापासून आवडत असेल तर जरूर काढा. नसेल तर सभेत सगळे गप्प झाल्यावर आपणही गप्प राहायचं, कितीही अवघडलं तरी. किंवा "या वेळी चिठ्ठ्या टाकूया का?" असं हसत म्हणायचं.

पायरी ८ : आधी घेतलेली कामं परत करणं

पहिल्या पायरीचा कागद आता काढा. तिसऱ्या रकान्यात 'नाही' असलेली कामं एकदम सोडायची नाहीत. तसं केलं तर गावभर बोभाटा होतो आणि आपणही घाबरून पुन्हा पहिल्यासारखे होतो. एका वेळी एकच, आणि ज्याने कमीत कमी लोकांचं अडेल ते पहिलं.

सोडायचं ते तारीख देऊन आणि कागदपत्रं जुळवून. खजिनदारपद सोडायचं तर आर्थिक वर्षाचा शेवट, म्हणजे मार्च, हा नैसर्गिक थांबा आहे. जानेवारीत लेखी कळवा : "३१ मार्चपर्यंतचे हिशेब पूर्ण करून मी खजिनदारपद सोडत आहे. एप्रिलपासून दुसऱ्या सभासदाकडे द्यावं. पंधरा दिवस बसून समजावून सांगेन." त्यानंतर पासबुक, व्हाउचरच्या फायली, नेट बँकिंगचे अधिकार, सही बदलण्याचा ठराव या सगळ्याची यादी करून पोच घ्यायची. पोच घ्यायला लाजायचं नाही, पैशाच्या कामात ती लागतेच.

"दुसरं कुणी मिळेपर्यंत तरी" हे ऐकू येणार. याला हो म्हटलं की दुसरं कुणी कधीच मिळत नाही, कारण शोधायची गरजच संपते. तारीख हलवायची नाही. मामेभावाच्या मुलाचं गणित मात्र मार्चची परीक्षा होईपर्यंत चालू ठेवावं. पोराचं वर्ष अडवून आपला वेळ मोकळा करण्यात काही शहाणपण नाही.

ज्या कामाची वेळ अगदी गळ्याशी आली आहे ते या खेपेला पार पाडावं आणि संपताच पुढच्या वेळचा नकार तिथल्या तिथे देऊन टाकावा. ऐन वेळेचा नकार सगळ्यांना महागात पडतो. बोहल्यावर 'सावधान' ऐकताच जांबच्या नारायणाने धूम ठोकली अशी परंपरेने सांगितलेली कथा आहे, पण त्यानंतर समर्थ होऊन दाखवावं लागतं. तुमचं-आमचं तसं नसतं, आपल्याला त्याच सोसायटीत राहायचं असतं.

पायरी ९ : मोकळी जागा लगेच भरू नका

दोन-तीन कामं सुटली की घरात अचानक एक शनिवार सापडतो. भिडस्त माणूस इथे दुसऱ्यांदा घसरतो. रिकामं बसणं त्याला अपराधासारखं वाटतं आणि तो स्वतःहूनच विचारतो, "काही मदत हवीय का?" काही आठवडे हा प्रश्न तोंडातून निघू द्यायचा नाही. कंटाळा येऊ दे. त्या कंटाळ्यातच कळतं की आपल्याला खरोखर काय करावंसं वाटतं. कुणी पेटी उघडतं, कुणी सह्याद्रीतल्या एखाद्या किल्ल्याचा नकाशा काढून बसतं, कुणी नुसतं झोपतं. झोप हेही उत्तर आहे.

आणि मग कधीतरी असं विचारणं येतं की ऐकताच पाठ सरळ होते. मन पुढचं बोलू लागलेलं असतं : कुणाला बरोबर घेऊ, सुरुवात कुठून करू. हो म्हणण्याची वेळ ती. तरीही रात्रभराची मुदत घ्याच, कारण स्तुतीने आलेली पाठीची सरळता आणि कामाने आलेली सरळता पहिल्या तासात सारखीच वाटते. सकाळीही तसंच वाटत असेल तर फोन करा, घरच्यांना सांगा की अमुक महिने माझे इतके तास जाणार आहेत, आपल्या अटी पहिल्याच बोलण्यात मांडा, मानधन असेल तर आकड्यासकट. आणि पहिल्या बैठकीची तारीख त्याच फोनवर पक्की करा. 'भेटू एकदा सवडीने' असं म्हणून ठेवलंत, तर तो शनिवार कुणाच्या तरी एकसष्टीची स्मरणिका घेऊन जाईल.